खिळे काढायचं काम पोरांवर सोडू नका

उन्हाळा लागला की आपल्या भागात जुनी घरं उतरवायची घाई सुरू होते. बिदर, भालकी, औराद, कमालनगर, बसवकल्याण, तिकडे आळंदपर्यंत कुठेही जा. कुणी माळवद काढून स्लॅब टाकतो. कुणी पत्रे बदलतो. कुणाची जुनी चौकट निघून लोखंडी बसते. मृगाच्या आत सगळं उरकायचं असतं.

गवंडी ठरतो, सेंट्रिंगवाला ठरतो, वाळू-सिमेंटचा हिशोब होतो. लाकडातले खिळे काढायचं काम मात्र कुणाच्याच हिशोबात नसतं. ते घरातल्या रिकाम्या पोराच्या वाट्याला येतं. आणि त्याच्या हातात मिळेल ते देतात. पाना, विळा, स्क्रूड्रायव्हर, नाहीतर दगडच.

माझं सांगणं थोडं आहे. हे काम जाणत्या माणसानं करावं. त्यासाठीच केलेल्या अवजारानं करावं. आणि निघालेला प्रत्येक खिळा डब्यात पडेपर्यंत काम संपलं म्हणू नये.

आधी अवजारं बघू.

हातोडी तुमच्या घरात असेलच. पण ती बहुतेक फक्त ठोकायची असते. खिळे काढायला एका बाजूला फाटा असलेली हातोडी लागते. दुकानात घेताना तो फाटा नीट बघा. चीर आत जाताना अरुंद होत गेलेली हवी आणि तिच्या कडा पातळ हव्यात, म्हणजे बारीक खिळ्याचं डोकंही त्यात अडकतं. जाड, बोथट फाटा नुसता दिसायला असतो. डोक्याखाली शिरतच नाही.

दांडा लाकडी असेल तर त्याचे धागे लांबीला सरळ गेलेले बघा. आडवे धागे असले की जोर लावताना दांडा मोडतो. हातोडीचं डोकं हलायला लागलं की आपल्याकडे ती रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं आणि डोकं घट्ट बसल्यासारखं वाटतं. चार दिवसांनी लाकूड वाळतं आणि डोकं आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. त्यापेक्षा वरून पाचर मारून घ्या.

दुसरी वस्तू म्हणजे जंबूर. सुतारांची ती गोल तोंडाची पकड. ती खिळ्याला मानेशी धरते. डोकं तुटलेला खिळा तिच्याशिवाय सहसा निघत नाही. घेताना तोंड मिटून उजेडाकडे धरा. दोन्ही ओठांच्या मधून उजेड दिसला तर ती परत ठेवा. वायरमनची पक्कड या कामाला वापरू नका. ती घसरते, आणि मग बोटांची सालं जातात.

तिसरी, हातभर लांबीची छोटी पहार. दोन्ही टोकं चपटी, एक टोक वळलेलं, टोकाला चीर. घरातली मोठी सब्बल वेगळी. ती दगड हलवायला ठीक आहे, पण फळीखाली घातली की फळीच फोडते.

चौथी वस्तू स्क्रूड्रायव्हरएवढी असते. टोक थोडं वाकडं आणि मधोमध चिरलेलं. सोफा बनवणाऱ्यांकडे ती हमखास दिसेल. बारीक चुका काढायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. घरात खाट, खुर्ची, सोफा यांचं कापड कधी बदलणार असाल तरच घ्या. नाहीतर पहिल्या तीन पुरेत. त्या एकदा घेतल्या की नातवंडांपर्यंत टिकतात.

याशिवाय एक चष्मा. कारखान्यात कामगारांना देतात तसला साधा पारदर्शक. खिळा सुटताना कधी कधी उडतो, आणि आपण वाकून त्याच्याकडेच बघत असतो. आपल्याकडे चष्म्याचा लोकांना संकोच वाटतो. खिळ्यासाठी चष्मा लावला म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

आता पद्धत.

खिळा दिसला की लगेच ओढू नका. आधी त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक हलका घाव घाला. आत जाऊ द्या, केसभर. वर्षानुवर्षं गंजून खिळा लाकडाला चिकटलेला असतो. त्या घावानं ती पकड सुटते. मग तो निम्म्या जोरात निघतो. ही एक गोष्ट केलीत तरी तुमचे अर्धे खिळे वाकायचे वाचतील.

फारच गंजला असेल तर त्याच्या मुळाशी तेलाचे किंवा रॉकेलचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. ते लाकूड चुलीपासून लांब ठेवा.

मग फाटा डोक्याखाली सरकवा. इथे सगळे एक चूक करतात. हातोडी सरळ फळीवर टेकवून दांडा मागे ओढतात. खिळा बोटभर वर येतो आणि वाकतो. भोक फाटतं, फळीवर खड्डा पडतो, दांडा कुरकुरतो. तुम्ही हातोडीच्या डोक्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. खिळा जसजसा वर येईल तसतसा ठोकळा जाड घ्या. खिळा सरळ वर येईल. लांब खिळ्याला ठोकळा दोनदा बदलावा लागला तर बदला. त्याला काही वेळ लागत नाही.

दांडा उभा झाला की थांबा, पुढे ओढू नका. तिथून पुढचा सगळा जोर दांडा मोडायला जातो.

दांडा ओढताना तुमचं तोंड त्याच्या वाटेत नको. एका बाजूला उभे राहा. पोरं समोर उकिडवी बसून बघत असतात, त्यांना आधी उठवा.

आणि फाटा आत जात नाही म्हणून त्या हातोडीवर दुसऱ्या हातोडीनं मारू नका. दोन्हीकडचं लोखंड कडक असतं. त्याची कपची उडते, ती गोळीसारखी जाते. डोकं लाकडात बुडालं असेल तर बाजूचं थोडं लाकूड पटाशीनं कोरा, मग जंबूर लावा. जंबुरानंही खिळा सरळ उपटायचा नसतो. मानेशी धरायचा आणि पकड तिच्या गोल गालावर लोळवायची. थोडा वर आला की खाली धरून परत लोळवायची. गालाखाली पत्र्याचा तुकडा ठेवला तर फळीवर वण उठत नाही.

काही खिळे पलीकडून वाकवून बसवलेले असतात. जुन्या दारांना तर सगळेच तसे. असा खिळा पुढून ओढाल तर दार फुटेल पण खिळा येणार नाही. आधी मागे जा. वाकलेलं टोक उचला, सरळ करा, मागून ठोकून डोकं पुढे काढा, आणि मग पुढून ओढा. बैलाला पत्री मारणारा नालबंद काम करताना बघितलाय ना? जुनी पत्री काढायच्या आधी तो खुरावर वळवलेली टोकं मोकळी करतो. तसं न करता ओढली तर खूर फाटेल, हे त्याला सांगावं लागत नाही.

तुमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या वेळचं नक्षीचं दार किंवा खांब असेल तर मात्र स्वतः हात लावू नका. बिदरच्या किल्ल्यात रंगीन महालातलं लाकूडकाम तुम्ही बघितलं असेल. तितकं नाही, पण त्या हाताचं थोडंफार काम आपल्या जुन्या वाड्यांतून अजून आहे. चांगला सुतार बोलवा. तसले हातानं घडवलेले चौकोनी खिळे आता सहसा कुणी करत नाही. ते निघाले तर भंगारात घालू नका. तेच परत त्याच दाराला लागतात.

आता माळवदाकडे येऊ. सगळ्यात जास्त लाकूड तिथूनच निघतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती कोसळल्या आणि माळवदाची ती जड माती माणसांवर आली. हजारो माणसं गेली. हादरा आपल्याकडेही बसला होता, आणि माळवदाखाली झोपायची भीती तेव्हापासून अनेक घरांत बसली. ज्यांना जमलं त्यांनी माळवद उतरवलं. बाकीचे अजून उतरवतायत.

उतरवताना आधी माती काढा, सगळी. वर माती असताना खालून फळ्या सोडवायला जाऊ नका. आणि खिळे वर बसून काढायचे नाहीत. फळी खिळ्यासकट खाली येऊ द्या. पाय हलत्या तुळईवर आणि हात ताणून खिळा ओढायचा, यात माणूस पडतो. जमिनीवर दोन ओंडके आडवे टाका, त्यावर फळी ठेवा, मग काढा.

खाली आलेल्या फळ्या रचताना खिळ्यांची टोकं जमिनीकडे करा. वाट्टेल तशी टाकलेली फळी संध्याकाळी अंधारात कुणाच्या पायाखाली येईल सांगता येत नाही. लगेच काढायला वेळ नसेल तर हातोडीनं टोकं आडवी पाडून ठेवा. त्याला क्षणभर लागतो.

खांब आणि तुळया बहुधा खिळ्यांवर नसतात. त्या कुसवात बसवलेल्या असतात. त्यांच्यात सापडतात ते नंतरच्या पिढ्यांनी ठोकलेले खिळे. कुणी कंदील टांगायला, कुणी फोटोला, कुणी झोळीला. ते कुठे असतील याचा नेम नाही. म्हणून तुळई चारी बाजूंनी फिरवून बघा. जिथे लाकडावर काळा डाग उतरलाय तिथे आत लोखंड असण्याची शक्यता जास्त. डोकं दिसत नसलं तरी.

जुन्या स्पीकरचं चुंबक भंगारवाल्याकडे मिळतं. ते दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवा. वरवरचे खिळे ते दाखवतं. खोल मोडून राहिलेला तुकडा दाखवेलच असं नाही, म्हणून डोळ्यांनीही बघायचं.

एवढं का करायचं? हे लाकूड पुढे सॉ मिलवर जातं. जुनं सागवान आहे, दाराला-कपाटाला उपयोगी पडतं. पण फिरत्या पात्याला एक खिळा लागला की दात जातात. मिलवाला पैसे मागतो आणि त्याचं चूक नसतं. कधी पात्याचा तुकडा उडून तिथल्या कामगाराला लागतो. तुम्ही खात्री नसलेलं लाकूड दिलंत तर तसं सांगून द्या. 'यात खिळा असेल' एवढे शब्द पुरतात. तो जपून कापेल किंवा नाही म्हणेल.

दुसरं लाकूड येतं बिदरजवळच्या कोळारकडून.

कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. तिथे माल फळ्यांच्या चौकटींवर येतो-जातो. त्यांना पॅलेट म्हणतात. मोडकी पॅलेटं स्वस्तात विकली जातात. आसपासच्या गावांत कुणी त्यांची खाट करतो, कुणी कोंबड्यांचं खुराडं, कुणी सरळ चुलीत घालतो. लाकूड वाया जाऊ नये हे खरंच. पण तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, डाग. पिंपातून सांडलेलं रसायन लाकडात मुरतं. डाग असलेली, वास येणारी फळी घरात आणू नका. खाट नको, खुराडं नको, चूल तर नकोच. त्या धुरात तुमच्या घरची बाई रोज बसणार आहे.

दुसरी, शिक्का. परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. त्यात एचटी असेल तर ते लाकूड किडीसाठी नुसतं तापवलेलं आहे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. तो विषारी वायू आहे. एमबी लिहिलेलं लाकूड जाळू नका आणि घरातही वापरू नका. शिक्काच नसेल तर डाग आणि वास यावरून ठरवा, आणि शंका असेल तर सोडून द्या.

तिसरी गोष्ट खिळ्यांची. पॅलेटचे खिळे आपल्या साध्या खिळ्यांसारखे गुळगुळीत नसतात. त्यांच्या अंगावर पीळ किंवा कडी असतात. ते बसले की बसले. डोक्याला फाटा लावून ओढलात तर डोकं हातात येईल आणि खिळा आतच राहील. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत पाचर मारा, फट थोडी मोठी करा, आणि तिथून हॅक्सॉ ब्लेडनं खिळा कापा. फळी सुटते. फळीतला तुकडा मागून ठोकला की पुढून निघतो. ठोकळ्यातला तुकडा राहिला तर राहू द्या, त्यावर नंतर रंधा किंवा करवत चालवायची नाही एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक खिळा काढलाच पाहिजे असा हट्ट नको. कापलेला, आत ठोकलेला खिळा कुणाला बोचत नाही.

चांगलं स्वच्छ लाकूड जाळणार असाल तरी खिळे आधी काढा. खिळा जळत नाही. तो राखेत राहतो. राख कुणी भांड्याला घेतं, कुणी उकिरड्यावर टाकतं. उकिरडा पावसाळ्याआधी शेतात जातो. आणि मग तो खिळा पेरणीच्या दिवशी कुणाच्या तरी टाचेत निघतो. आधीच जाळलं असेल तर राख चाळून घ्या.

घरातल्या भिंतीच्या खिळ्यांबद्दल फार सांगायचं नाही. स्विचबोर्डच्या वर-खाली किंवा सरळ रेषेत असलेला खिळा काढायच्या आधी मेन बंद करा, कारण तारा त्याच रेषेत जातात. दगड-मातीच्या भिंतीतला जुना खिळा ओढलात तर मूठभर भिंत बरोबर येईल. तो कापा, किंवा त्याला पिशवी अडकवा.

चुकांचं मात्र एक सांगतो. सणाला, लग्नाला आपण कापडं, कागद, तोरणं चुकांनी ठोकतो. काढताना कापड ओढतो. चुका उडतात आणि सतरंजीत, चटईत शिरतात. दुसऱ्या दिवशी त्यावर रांगतं मूल बसतं. आधी चूक काढा, मग कापड. खाली चादर अंथरा, म्हणजे पडलेली दिसते. झाल्यावर ते चुंबक एकदा फिरवा. सुरीच्या टोकानं चुका उचकटू नका. टोक मोडतं, आणि ते पुन्हा भाजीत सापडतं.

पत्र्यांचं काम वाऱ्याच्या दिवशी काढू नका. वैशाखात दुपारनंतर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. सगळे खिळे आधी सोडवून पत्रा नुसता ठेवून खाली जेवायला जायचं नाही. दोन कोपरे शेवटपर्यंत धरलेले राहू द्या, आणि धरायला दोन माणसं वर आली की मगच ते सोडवा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. तो सूचना देऊन फुटत नाही. आडवी फळी टाकून तिच्यावरून चाला. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. म्हणून पत्रा फोडू नका, कापू नका, पाणी मारून अख्खा उतरवा.

झाडांचेही खिळे आहेत. रस्त्याकडेच्या कडुनिंबावर शिकवणीची पाटी, दवाखान्याची पाटी, वाढदिवसाचा बॅनर. बॅनर फाटून जातो, खिळा राहतो. पुण्यात 'आंघोळीची गोळी' नावाच्या संस्थेनं खिळेमुक्त झाडांची मोहीम काढली. पोरं-पोरी रविवारी हातोड्या-पकडी घेऊन झाडांवरचे खिळे काढत फिरली. आपल्याकडे चार मित्रांनी ठरवलं तर एका सकाळी गावची वेस ते शाळा एवढी झाडं मोकळी होतील. फक्त सालीवर हातोडी टेकवू नका, खाली जाड गोणपाट ठेवा. ज्या खिळ्याला झाडानं साल चढवून गिळलंय तो राहू द्या. त्यासाठी खोड कोरलंत तर खिळ्यापेक्षा तुम्हीच झाडाला जास्त इजा केलीत.

काढलेल्या खिळ्यांसाठी एक डबा ठेवा. जुना डालड्याचा असेल तर उत्तम, त्याला झाकण असतं. खिळा निघाला की डब्यात. जमिनीवर नाही, खिशात नाही, आणि तोंडात तर नाहीच. सुतारांची ती सवय तुम्ही उचलू नका. सरळ निघालेले खिळे खुराड्याला, कुंपणाला चालतात. ठोकून सरळ केलेला खिळा पाळण्याला, माळ्याला किंवा जिथे माणसाचा भार येईल तिथे वापरू नका. तो एकदा वाकलाय, तिथेच पुन्हा मोडेल. उरलेले भंगारात द्या. पैसे फार नाही मिळायचे. पण अंगण मोकळं होईल.

अंगण मोकळं का हवं, ते तुमच्या गोठ्याला विचारा.

आपला देवणी बैल, देवणी गाय. बिदर, उदगीर, देवणी हा तिचाच मुलूख. गाय-म्हैस चारा आधी गिळते आणि नंतर रवंथ करते. कडब्यात खिळा असला तर तिला तोंडात कळत नाही. तो पोटात जातो आणि जड असल्यामुळे जाळीदार कप्प्यात पडून राहतो. हा कप्पा काळजाच्या अगदी जवळ असतो. मधे एक पडदा फक्त. पोट हललं, गाय गाभण राहिली, जोर पडला की खिळा पुढे टोचत जातो.

गाय अचानक चारा सोडते. दूध एकदम उतरतं. पाठ कमानीसारखी करून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी राहते. उतारावरून चालायला नको म्हणते, बसताना कण्हते. पुढे गळ्याखाली पोळीशी सूज येते. सूज येईपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो. नजर लागली, असं म्हणत दिवस घालवू नका. बिदरला नंदीनगरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. वेळेत गेलात तर पोटात चुंबक सोडून खिळा जागीच धरून ठेवता येतो, किंवा शस्त्रक्रिया करता येते. बांधकाम चालू आहे हे त्यांना आवर्जून सांगा. त्यावरूनच त्यांना अर्धं कळतं.

ज्या अंगणात माळवद उतरवलं तिथे त्या वर्षी कडबा रचू नका. रचायचाच असेल तर आधी झाडून, चुंबक फिरवून, वर ताडपत्री टाका.

शेवटी माणसाच्या पायाचं.

सगळं सांभाळूनही खिळा लागतो. लोक विचारतात, गंजलेला होता का? गंजाचा प्रश्न नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. नव्या कोऱ्या खिळ्यावरही ते असू शकतात. खिळा खोल जातो, बाहेरून भोक लहान दिसतं, रक्त फार येत नाही. म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो. असल्या बंद, खोल जखमेतच ते जंतू वाढतात. बहुधा तीन दिवस ते तीन आठवडे यांच्या आत जबडा आखडायला लागतो. दातखीळ बसल्यावर इलाज फार अवघड होतो. इंजेक्शन वेळेत घेणं फार सोपं आहे.

जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं चांगली धुवा. हळद, चुना, काजळी, शेण यातलं काही भरू नका. पट्टी आवळून तोंड बंद करू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रबरी चपलेतून खिळा आत गेला असेल तर तेही सांगा, कारण चपलेचा कपचा आत राहतो आणि पू होतो. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायाला कधी कधी खिळा लागलेला कळतही नाही. त्यांनी बांधकामाच्या दिवसांत रोज रात्री तळवे कुणाकडून तरी बघून घ्यावेत.

खिळा खोल रुतून बसला असेल, हाडाला लागल्यासारखं वाटत असेल, किंवा डोळ्यात काही गेलं असेल, तर घरी उपटू नका. वर जी अवजारं सांगितली त्यातलं एकही इथे चालत नाही. खिळ्याला फळी लागलेली असेल तर ती हलणार नाही अशी धरा आणि तसंच गाडीत घालून न्या. आरोग्य केंद्रात जमलं नाही तर ते बिदरच्या ब्रिम्स रुग्णालयात पाठवतील.

लहान मुलांना धनुर्वाताची लस मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचं इंजेक्शन असतं. गरोदर बायांनाही देतात. राहतात ते घरातले कर्ते पुरुष आणि म्हाताऱ्या बाया. त्यांनी शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते त्यांनाही आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं तर उगाच 'गेल्या वर्षीच घेतलंय' असं ठोकून देऊ नका. आठवत नाही म्हणा. मळकट, खोल जखमेला पाच वर्षांच्या वर झालं असेल तर पुन्हा देतात, आणि आधी कधीच घेतलं नसेल तर त्याबरोबर वेगळं औषधही द्यावं लागतं. ते ठरवायला त्यांना खरं उत्तर हवं.

आणि माळवद उतरवायला मजूर लावलेत तर त्यांनाही हेच विचारा. ते तुमच्याच अंगणात काम करतायत. त्यातल्या कुणाला खिळा लागला तर दवाखान्याची फेरी तुमच्या गाडीतून, तुमच्या पैशानं, त्याची दिवसभराची मजुरी न कापता.